तलवारवाला कुणी वाढवला

दूध बघितलं की मला आधी त्यातलं पाणी दिसतं. माझा दोष नाही, नोकरीच तशी आहे. कोल्हापूरजवळच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत मी गावोगावचे नमुने तपासते. दुधात कोण काय घालेल याचा नेम नाही, आणि घालणारा समोर उभा राहून छातीला हात लावून सांगतो, मॅडम, आत्ता म्हैस पिळून आणलंय. अशा नोकरीत वर्षं गेली की घरी आल्यावरही डोळे तसेच बारीक राहतात. नवरा म्हणतो, तू मेथीची जुडीसुद्धा आरोपीसारखी बघतेस. बघते. अळी निघते ती मलाच सापडते.

तर आमच्या घरातल्या टीव्हीवरच्या खेळात कुणीतरी भेसळ करतंय, हे मला पहिल्यांदा कळलं यात नवल काही नाही.

आधी खेळाचं सांगते. आम्ही जैन, मूळचे जयसिंगपूरकडचे, शेतीवाले. चातुर्मास आमच्या घरात कडक. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. कांदा, बटाटा, लसूण, गाजर, जमिनीखाली वाढलेलं काहीच ताटात येत नाही आणि अळिंबीचं तर नावही काढायचं नाही. म्हणजे अख्खं कोल्हापूर जेव्हा खायला बाहेर पडतं, तेव्हा आमच्या घरची भांडी घासून पालथी पडलेली असतात आणि सगळी संध्याकाळ समोर मोकळी पसरलेली असते. त्या संध्याकाळचं करायचं काय, म्हणून नवऱ्यानं टीव्हीला जोडायचा खेळ आणला. मी आधी नाक मुरडलं. मग एकदा हातात रिमोट घेतला आणि सोडला नाही.

खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एक तलवारवाला, एक धनुष्यवाली. मोठं जंगल, त्यात रानडुकरं, लांडगे, दरोडेखोर, आणि पलीकडं डोंगरावर एक गड. गडावर दैत्य. त्याला हरवलं की खेळ संपला. वाटेत लढून, वनस्पती गोळा करून, काढे उकळून आपल्या माणसाची ताकद हळूहळू वाढवायची. तलवारवाला नवऱ्याचा, धनुष्यवाली माझी.

आम्ही दोघंही अगदी कच्चे होतो आणि मजा त्यातच होती. एक रानडुक्कर अंगावर आलं की दोघांची पळापळ व्हायची. तो आडवा पडला की मी जीव मुठीत धरून जायची, शेवटची बाटली त्याच्या तोंडात ओतायची, आणि तो उठेपर्यंत मी आडवी. एका लांडग्यासाठी आम्ही अख्खी संध्याकाळ खडकावर चढून बसलोय. मी ओरडायची, मार, मार, अरे मार की! हो, अरे. सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणतात, आणि आत्ती चातुर्मासाला आमच्या फ्लॅटवर राहायला येतात, कारण इथून बस्ती, म्हणजे आमचं मंदिर, चालत जाण्यासारखं आहे. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला अहो म्हणते, तुम्ही म्हणते. खेळताना मात्र अहो म्हणायला वेळ नसतो, डुक्कर थांबत नाही. आत्ती मागं खुर्चीत जपमाळ ओढत बसलेल्या असायच्या. त्यांनी ते अरे कधी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं नसल्यासारखं केलं. दिवसभर त्याचं दुकान, माझी डेअरी, भाजी, लाईटचं बिल, आणि मग तेवढा एक तास आम्ही दोघं बरोबरीचे. मला तो तास फार प्रिय होता. म्हणून नियम मीच घातला होता, एकट्यानं खेळायचं नाही.

मग एका संध्याकाळी तलवारवाल्यानं रानडुकराला एका फटक्यात लोळवलं.

मी म्हटलं, नशीब. दुसऱ्या दिवशी दोन लांडगे. तेही एकेका फटक्यात. मी बाण काढेपर्यंत काम संपलेलं. आठवडाभरात अशी अवस्था आली की मी धनुष्य घेऊन मागं झाडाआड उभी आणि हा पुढं नुसता चालत निघालाय. पुढं पुढं तर जनावरं ह्याला बघूनच पळायला लागली. खेळात तशी सोयच होती, आपल्यापेक्षा फार बलवान कुणी दिसला की जनावर वाट सोडतं. आता यात खेळायचं काय? जिंकण्याची गोडी हरण्याच्या भीतीत असते, एवढं तरी कुणालाही कळावं. आमच्या कोल्हापुरात कुस्त्यांच्या मैदानात जोड बघून कुस्ती लावतात. तयार गड्यासमोर नवशिक्या उभा केला तर लोक फेटे उडवत नाहीत, उठून जातात.

आणि ही ताकद आली कुठून? संध्याकाळी आम्ही जेवढं खेळायचो तेवढ्यात तर ती येणं शक्य नव्हतं. म्हणजे कुणीतरी दिवसा खेळत होतं. नवऱ्याचं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी शटर ओढून तो जेवायला घरी येतो आणि चार वाजेपर्यंत घरीच असतो. मी त्या वेळी डेअरीत. आता सांगा, कुणावर संशय घ्यायचा?

मी घाई केली नाही. नमुना हातात आल्याशिवाय मी कुणाला भेसळवाला म्हणत नाही. आधी खेळ बंद करताना तलवारवाल्याला विहिरीकडं तोंड करून उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो जंगलाच्या तोंडाशी उभा. मग रिमोट ठेवायच्या ड्रॉवरच्या मुठीला, नमुन्याच्या बाटलीला बांधतो तसा, एक बारीक दोरा बांधला. संध्याकाळी येऊन बघते तर दोरा जागेवर. फक्त मी बांधला होता त्याच्यापेक्षा घट्ट आणि गाठ वेगळीच. म्हणजे हा नुसता चोरून खेळत नव्हता, मागं पुरावाही ठेवत नव्हता. मला त्या गाठीचा जितका राग आला तितका खेळाचाही आला नव्हता.

मग मला मागचंही सगळं आठवायला लागलं. स्कूटरवर हा नेहमी सिग्नलला पुढं घुसतो. कॅरममध्ये राणी स्वतःकडं ठेवतो. लग्नानंतर माझ्या पगाराची बातमी ऐकून छान छान म्हणाला होता, पण दोनदा म्हणाला होता. संशयाला एकदा जागा दिली की तो अंथरूण पसरतो. मला दिसायला लागलं की ह्या माणसाला मी बरोबरीनं चाललेली सहनच होत नाही, खेळातसुद्धा.

सकाळी चहाच्या वेळी मी सरळ विचारलं. आत्ती बस्तीला गेल्या होत्या.

तो आधी गोंधळला. म्हणाला, "मी कशाला खेळतोय? मला तर वाटलं..." आणि थांबला. आणि हसला. गालातल्या गालात, असं गोड काहीतरी खाल्ल्यासारखं. ते हसू बघून माझं डोकंच फिरलं. सापडलेला माणूस असाच हसतो, मी रोज बघते. मी म्हटलं, माझ्या पुढं जायचंय तर जा, पण चोरून कशाला? तो म्हणाला, असू दे की, तलवारवाला मरत न्हाई हे बरंच हाय की. मी म्हटलं, तुझी बायको मागं झाडाआड उभी राहते, तेही बरंच दिसतं वाटतं तुला. मग मी आणखीही बोलले, कॅरमपासून पगारापर्यंत. त्याचं हसू गेलं.

"तुला माझ्यावर एवढाबी इश्वास न्हाई?" तो म्हणाला. "मग बंदच करूया." आणि त्यानं उठून टीव्हीमागची खेळाची वायर काढली.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार वाईट गेल्या. जेवण उरकायचं, भांडी पालथी पडायची, आणि आम्ही तिघं बातम्या बघत बसायचो. तो मोबाईलवर, मी मेथी निवडत, आत्तींची जपमाळ. अहो, आवाज कमी करू का? कर. अहो, उद्या गॅसवाला येणार आहे. बरं. मला माझ्याच अहोचा कंटाळा आला होता. तरी माघार घ्यायची नाही असं ठरलेलं होतं, कारण मी बरोबर होते. दोरा, विहीर, दुपार, सगळं माझ्या बाजूनं होतं.

एका दुपारी प्रयोगशाळेतलं मुख्य यंत्र बंद पडलं आणि आम्हाला लवकर सोडलं. मी घरी आले. दारात नवऱ्याच्या चपला होत्या. आणि आतून, बारीक आवाजात, खेळाचं संगीत येत होतं.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. वायर काढून आम्हाला बातम्या बघायला लावतोस आणि दुपारी परत जोडतोस होय? मी लॅच हळू फिरवलं, चप्पल हातात घेतली आणि आत गेले. बेडरूमचं दार उघडं होतं. पंख्याखाली नवरा पालथा झोपलेला होता आणि घोरत होता.

हॉलमध्ये आत्ती होत्या. चष्मा लावून, पदर कमरेला खोचून, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या. हातात पहिला रिमोट, तलवारवाल्याचा. पडद्यावर तलवारवाला झुडपापाशी वाकला होता. त्यानं पानं तोडली, पुढं गेला, बोरासारखी फळं तोडली, परत वाकला. शेतात भाजी तोडणाऱ्या बाईचा हात चालतो तसा त्यांचा अंगठा चालत होता, थांबत नाही आणि घाईही नाही. बाजूनं एक रानडुक्कर निघालं. तलवारवाल्याला बघून उलट्या पावली पळालं. आत्ती त्याच्याकडं बघून समाधानानं हं म्हणाल्या.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. लवकर आलीस का, म्हणून विचारलं आणि पुढच्या झुडपाकडं वळल्या.

"आत्ती, हे काय चाललंय?"

"पाला तोडायलोय," त्या म्हणाल्या. आमच्या गावाकडच्या बायका आलो, गेलो असंच बोलतात.

मग त्यांनी तोडता तोडताच सांगितलं. गावाकडं सदा कामात असलेला हात, इथं दुपार खायला उठायची. रोज संध्याकाळी मागं बसून आमचं बघत होत्या, त्यामुळं कुठलं बटण कशाचं ते कळलं होतं. ड्रॉवरला दोरा दिसला, तो मीच बांधलाय तर बांधायचाच असणार, म्हणून त्याही रोज नीट बांधून ठेवत होत्या. माझी गाठ सैल असायची, तेवढी घट्ट केली. वायर सुटलेली दिसली, ती जोडायची आणि उठताना परत काढून ठेवायची.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"तू रोज मार मार म्हणून वरडतीस. चातुर्मासात तोंडातनं तसलं यावं व्हय? बंद करा म्हणणार होतो. पर तेवढ्याच टायमाला तुमी दोघं हसता. मग कसं म्हणू?" त्या म्हणाल्या. "म्हणून ह्येला ताकद आणलो. मी कुणाला मारलो न्हाई हं. निस्ता पाला, फळं आणायची, काढा करून पाजायचा. अंगात ताकद आली की जनावरं आपसूक पळत्यात. मग मारायचं कामच न्हाई."

मी तलवारवाल्याची पिशवी उघडून बघितली. पानं, फुलं, फळं, शेंगा, खच्चून भरलेली. एक कंद नव्हता. एक मूळ नव्हतं. त्या जंगलात पावलापावलाला अळिंबी उगवते, त्यातली एकही त्यांनी उचलली नव्हती. नवरा खेळात दिसेल ते गोळा करतो, चातुर्मास सोडून इतर दिवसांत बाहेर वडापावही खातो. ही पिशवी मी मागं नीट उघडून बघितली असती तर त्याच दिवशी प्रश्न सुटला असता. पण मी गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता.

तरी माझ्या मनातली एक अढी गेली नव्हती. सुनेच्या मनात असते तीच. मी म्हटलं, ताकद आणली ती लेकाच्याच माणसाला आणली, माझी राहिली मागं.

आत्तींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"ल्योकाचा कुठला? ह्यो तुझा न्हवं?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या म्होरं पळतंय, दिसंल त्याच्या अंगावर जातंय, ते तूच की. मागं झाडाआड हुभी ऱ्हातीया ती माझ्या ल्योकाची."

रोज दुपारी ही बाई माझ्यासाठी पाला तोडत बसली होती. माझ्या तोंडी हिंसा येऊ नये, माझं हसणंही जाऊ नये, म्हणून. आणि मी संध्याकाळी येऊन गाठी तपासत होते. मला रडू आलं, आणि रडू आलेलं मला अजिबात आवडत नाही, म्हणून मी चहा ठेवायला गेले.

भांड्याच्या आवाजानं नवरा उठून स्वयंपाकघरात आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलेलं, तूच करतीयास. माझ्यासाठी. म्हणून बोललो न्हाई."

म्हणजे त्या हसण्याचं कारण ते होतं. तीन माणसांच्या घरात एकाच गोष्टीवर तिघांनी तीन तर्क केले, आणि त्यातला वाईट तेवढा माझा होता. मी त्याला चहा दिला आणि माफी मागितली. तो म्हणाला, राहू दे, कॅरमची राणी मात्र मी खरंच ठेवत होतो.

त्या संध्याकाळपासून पहिला रिमोट मी घेतला. आत्तींची समजूत आम्ही मोडली नाही. तलवारवाला माझा, धनुष्यवाली नवऱ्याची, आधीपासूनच तसं असल्यासारखं. मी पुढं चालायची, जनावरं पळायची, आत्ती मागं माळ ओढायच्या. मार मार म्हणायचं कारणच उरलं नाही. खेळ म्हणाल तर पार मेला. एवढी ताकद असलेला माणूस होऊन बघितल्यावर मला कळलं की त्याच्याकडं करण्यासारखं काहीच नसतं. गडाचा रस्ता मोकळा होता, पण वर दैत्य होता आणि दैत्य पळून जात नाही, त्याला मारावंच लागतं. आत्तींसमोर ते नको, म्हणून आम्ही गडाच्या पायथ्याला यायचो आणि परत फिरायचो.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आत्ती ऊसतोडीच्या आधी गावाला गेल्या. नवरा म्हणाला, हे पुसून टाकूया, पहिल्यापासून सुरू करू, दोघंबी कच्चे. म्हणणं बरोबर होतं, पहिले दिवस मलाही हवे होते. पण पुसायला माझा हात होईना. एवढा तोडलेला पाला कुणी असा फेकून देतं का? आत्ती फोनवर उसाची, म्हशीची खबर सांगून झाल्यावर हमखास विचारायच्या, जनावरं तरास देत न्हाईत न्हवं? मी म्हणायची, न्हाई आत्ती, समदी पळत्यात.

पण इकडं नवरा मागं पडत चालला. मी पुढं, तो झाडाआड. धनुष्यवाली दुबळी, तिला धड काम नाही. आधी तो मधेच मोबाईल बघायला लागला. मग एकदा म्हणाला, तू खेळ, मी बसतो नुसता. माझी आधीची जागा कशी होती ते त्याला आता कळत होतं, आणि त्याची आधीची कशी होती ते मला. आमचा तास हातातून निसटत होता. आत्ती नव्हत्या, तरी अहो, आवाज कमी करू का, एवढंच बोलणं परत सुरू झालं.

शनिवारी मला अर्धा दिवस असतो. नवरा शनिवारी दुपारी दुकानातच थांबतो, शेतकऱ्यांची गर्दी असते. मी घरी आले, जेवले, पदर खोचला आणि दुसरा रिमोट घेतला. नियम माझाच होता आणि तो मी मोडला. एक शनिवार, मग पुढचा, मग त्याच्या पुढचाही. पाला, फुलं, फळं. काढा उकळायचा, धनुष्यवालीला पाजायचा. काम कंटाळवाणं आहे. त्यात मजा अशी काही नाही, आणि तरी उठवत नव्हतं.

मग एका संध्याकाळी, खेळताना, धनुष्यवालीला बघून एक लांडगा वाट सोडून पळाला. नवऱ्यानं मोबाईल बाजूला ठेवला. आणखी एक पळाला. त्यानं तिच्या ताकदीचा आकडा उघडून बघितला, मग माझ्याकडं बघितलं, अगदी बारीक डोळे करून.

"अगं, तू एकटी खेळतीस काय?"

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई, अरे."

तो हसला, तसाच, गालातल्या गालात. त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास बसला नव्हता. बसू नये म्हणूनच मी इतकं साफ खोटं बोलले होते.